चेनची ढील : अर्ध्या मिलिमीटरचा हिशोब

लहान मुलांची डर्ट बाइक स्टँडवर चढवून मागचं चाक अधांतरी केलं की खालची चेन लोंबलेली दिसते. बोटाने वर-खाली करून पाहिली तर चांगली तीन सेंटिमीटर हलते. रोजच्या वापरातल्या गाडीची चेन यापेक्षा ताठ असते, डोळ्याला तिची सवय झालेली असते, त्यामुळे बघणाऱ्याचा हात आपोआप पान्याकडे जातो. दोन वेढे दिले की चेन छान सरळ दिसू लागते आणि काम नीट झाल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात ती ढील गाडी बनवणाऱ्याने विचार करून ठेवलेली असते. ती काढून टाकल्याने जितकी नुकसानी होते, तितकी या छोट्या गाड्यांवर दुसऱ्या कुठल्याही घरगुती दुरुस्तीने होत नसेल.

आपण बोलतोय ते कावासाकीची केएलएक्स ११०, होंडाची सीआरएफ ५०एफ आणि ११०एफ, यामाहाची टीटी-आर ५० अशा गाड्यांबद्दल. आडवं, हवेने थंड होणारं छोटं इंजिन, दहा-बारा इंचांचं मागचं चाक, हाताने दाबायचा क्लच नाही. यांच्यावर बसणारं मूल सात वर्षांचं असू शकतं, आणि संध्याकाळी त्याच गाडीवर त्याचा ऐंशी किलोचा काका एक चक्कर मारून येतो. दोघांच्या वजनातला हा फरक पुढे चेनच्या हिशोबात येणार आहे.

बहुतेकांवर चेन असते ती ४२० क्रमांकाची. पहिला आकडा चार म्हणजे चार अष्टमांश इंच, म्हणजेच अर्धा इंच किंवा १२.७ मिमी, हे एका पिनेपासून दुसऱ्या पिनेपर्यंतचं अंतर. पुढचा २० हा आतल्या रुंदीचा, पाव इंचाचा. ४२८ची चेन याच अंतराची पण जरा रुंद. मोठ्या मोटोक्रॉस गाड्यांची ५२० मात्र पाच अष्टमांश इंचांची. चेनचा हा प्रकार मँचेस्टरमध्ये स्थायिक झालेल्या हान्स रेनोल्ड या स्विस अभियंत्याने १८८० साली सिद्ध केला. त्याच्या आदल्या वर्षी त्याने सॅलफर्डमधला कापडगिरण्यांसाठी साखळ्या बनवणारा एक छोटा धंदा विकत घेतला होता. पिन, तिच्यावर बुश, बुशवर मोकळा फिरणारा रोलर. एवढ्या तीन गोलांच्या रचनेने घर्षण विभागलं गेलं आणि चेन टिकू लागली. आज मुलाच्या गाडीवर जी चेन आहे तिची रचना तीच आहे.

रेनोल्डच्या काळातल्या सायकलला मागे सस्पेन्शन नव्हतं. पुढच्या आणि मागच्या दातेरी चक्रांमधलं अंतर एकदा ठरलं की ठरलं. मोटारसायकलला मागे शॉक अॅब्झॉर्बर आला आणि हे अंतर हलायला लागलं. चेनच्या ताणाचा सगळा प्रश्न इथून सुरू होतो.

गाडीच्या डाव्या बाजूला गुडघे टेकून बसा आणि तीन मध्यबिंदू शोधा. पहिला, इंजिनातून बाहेर आलेल्या छोट्या स्प्रॉकेटचा. दुसरा, त्याच्या मागे चेसिसमध्ये जिथे स्विंगआर्म बसतो त्या बोल्टचा. गॅरेजात ज्याला चिमटा म्हणतात तोच हा स्विंगआर्म. तिसरा, मागच्या चाकाच्या एक्सलचा. स्विंगआर्म दुसऱ्या बिंदूभोवती फिरतो, चेन मात्र पहिल्या बिंदूपासून तिसऱ्यापर्यंत जाते. दोघांचे केंद्र वेगळे, म्हणून चाक वर-खाली झालं की पहिल्या आणि तिसऱ्या बिंदूतलं अंतर कमी-जास्त होतं. तिन्ही बिंदू एका सरळ रेषेत येतात त्या क्षणी हे अंतर सर्वांत जास्त, म्हणजे चेन सर्वांत ताठ. चाक खाली लटकत असताना रेषा मोडलेली असते, अंतर कमी असतं, चेन लोंबते. गाडी उडी मारून जमिनीवर आपटते तेव्हा स्विंगआर्म वर येतो, रेषेतून जातो, कधी रेषेच्या पलीकडेही जातो. चेनची ढील ठरवायची ती या रेषेतल्या क्षणासाठी, स्टँडवरच्या क्षणासाठी नाही.

इथे थोडं गणित केल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण डोळ्याला जे पटत नाही ते आकड्यांना पटतं. समजा छोट्या स्प्रॉकेटपासून स्विंगआर्मच्या बोल्टपर्यंत ६० मिमी आणि तिथून एक्सलपर्यंत ४०० मिमी आहे. रेषेत आल्यावर अंतर ४६० मिमी. चाक मोकळं लटकताना स्विंगआर्म या रेषेपासून ९ अंश खाली असेल, तर अंतर भरतं सुमारे ४५९.४. फरक जेमतेम ०.६ मिमी, नखाच्या जाडीच्या आसपास. एवढ्याशा फरकाने काय होणार, असं वाटेल.

आता चेनकडे बघा. एक्सल अर्धा मिलिमीटर पुढे आला की वरची आणि खालची अशी चेनची दोन्ही अंगं अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरने सैल होतात. चाक मोकळं असताना खालची चेन दाबली की हा सगळा एक मिलिमीटरचा सैलपणा खालच्या अंगात जमा होतो. मधोमध दाबलेल्या चेनचे दोन अर्धे २३० मिमीचे होते, ते २३०.५चे झाले. शाळेतला पायथागोरसचा सिद्धांत लावा : मधला बिंदू सरळ रेषेपासून १५ मिमी हलतो. वर १५, खाली १५, एकूण ३०. एक्सलचा अर्धा मिलिमीटर म्हणजे चेनची तीन सेंटिमीटर ढील. एक्सल पूर्ण एक मिलिमीटर पुढे असेल तर ढील ४३ मिमी. म्हणजे एक्सल पुढे-मागे सरकवणाऱ्या अॅडजस्टरच्या बोल्टचे आटे एक मिलिमीटरचे असतील, तर ३० मिमी ढिलीवरून बोल्टला फक्त पाव वेढा दिला की ती २१वर येते. ‘दोन वेढे’ ही भाषा या कामात चालत नाही.

हाच हिशोब उलटा फिरवला की धोका कळतो. वरच्या उदाहरणात चाक लटकलेल्या जागेपासून रेषेपर्यंत सुमारे ६३ मिमी वर येतं आणि तेवढ्यात पहिल्या-तिसऱ्या बिंदूतलं अंतर ०.६ मिमीच्या जरा वर वाढतं. शंभरास एक असं हे प्रमाण आहे. समजा कुणी स्टँडवर चेन नीटनेटकी दिसावी म्हणून ढील १५ मिमीच ठेवली. तेवढ्या ढिलीत एक्सलच्या जागी फक्त ०.१२ मिमीची सवलत असते. हवी होती ०.६ मिमी. अर्धा मिलिमीटर कमी पडला. चाक वर यायला निघतं, चेन मध्येच तारेसारखी ताठ होते, आणि स्विंगआर्मला पुढची वाट बंद होते. आता चाकाला वर ढकलणारा जोर चेनला ओढू लागतो, आणि जितके बिंदू रेषेच्या जवळ तितकी ती ओढ कित्येक पटींनी वाढते. ऐंशी किलोचा काका एखाद्या उंचवट्यावरून उतरला तर ही ओढ चेनवर, एक्सलवर आणि इंजिनातल्या शाफ्टवर येते. तीस किलोचं मूल चालवत असताना सस्पेन्शन इतकं दबतच नाही. त्यामुळे ताठ चेन महिनोन्महिने खपून जाते आणि मग एका संध्याकाळी नुकसान करते.

नुकसान कुठे होतं? सगळ्यात आधी इंजिनातून बाहेर आलेल्या शाफ्टच्या बेअरिंगवर. तो शाफ्ट एका बाजूने टेकू नसलेला, टोकाला स्प्रॉकेट घेऊन उभा असतो. मागे खेचला जाऊन त्याचं बेअरिंग खेळू लागतं, मग त्याच्या सीलमधून तेल झिरपतं. छोट्या स्प्रॉकेटच्या मागे तेलाने ओली झालेली माती दिसली तर चेन किती ताठ आहे ते आधी बघावं, सील नंतर बदलावं. नाहीतर नवं सीलही काही दिवसांत गळू लागतं. हे बेअरिंग बदलायचं तर बहुतेक छोट्या इंजिनांत केस उघडावी लागते. त्यापाठोपाठ मागच्या चाकाची बेअरिंगं, अॅडजस्टरचे वाकलेले बोल्ट, आणि स्वतः चेन, जिच्या पिना ताणाखाली भराभर झिजतात. शिवाय सस्पेन्शन पूर्ण दबत नसल्यामुळे गाडी मागून उडवते. मूल तक्रार करतं की सीट आपटते, आणि घरचे शॉकची स्प्रिंग बदलायचा विचार करू लागतात.

फार ढिली चेनही धोकादायकच, तिला मोकळीक देऊन चालत नाही. ती स्विंगआर्मवर आपटते, वरचं रबरी गाइड खाते, गॅस सोडला-धरला की झटका देते. उतरलीच तर मागच्या बाजूने उतरणं परवडतं. पुढच्या स्प्रॉकेटवर गोळा होऊन इंजिनाच्या केसमध्ये अडकली तर केस फुटू शकते आणि मागचं चाक जागीच जाम होऊ शकतं. दोन्हीपैकी कोणती चूक कमी वाईट, असं विचारलं तर मी किंचित ढिलीच्या बाजूने उभा राहीन : ढिली चेन आवाज करून आधी कळवते, ताठ चेन गप्प असते.

मग नेमका आकडा कोणता? प्रत्येक गाडीचा वेगळा. तो मॅन्युअलमध्ये असतो, बऱ्याचदा स्विंगआर्मवर चिकटवलेल्या पट्टीवरही. आकड्याबरोबर मोजायची पद्धतही वाचावी, कारण ती सारखी नसते. कुणी चाक अधांतरी ठेवून मोजायला सांगतं, कुणी गाडी जमिनीवर सरळ उभी करून. कुणी खालच्या चेनच्या मधोमध वर-खाली मिळून किती हलते ते धरतं, तर केटीएमच्या गाड्यांवर चेन रबरी गाइडच्या मागच्या टोकाशी वर दाबून चेन आणि स्विंगआर्ममधलं अंतर मोजतात. एकाचा आकडा दुसऱ्याच्या पद्धतीने मोजला तर सगळं फसतं. मोठ्या मोटोक्रॉस गाडीवर दिसणारी पन्नास-साठ मिमीची ढील छोट्या गाडीला लावणं चूक, कारण तिथे सस्पेन्शनचा प्रवासच दुप्पट-तिप्पट असतो.

पट्टी निघून गेलेली, मॅन्युअल हरवलेलं, शॉक किंवा स्प्रॉकेट बदललेलं, अशी जुनी गाडी हातात आली तर आकडा स्वतः काढता येतो, आणि मला ही पद्धत सगळ्यांत भरवशाची वाटते. ट्रकवर माल बांधायचा रॅचेटचा पट्टा घ्या. तो सीटवरून आणि मागच्या चाकाखालून घेऊन हळूहळू आवळा, म्हणजे शॉक दबेल आणि चाक वर येईल. स्प्रॉकेटचा मध्य, स्विंगआर्मचा बोल्ट आणि एक्सल यांच्यावर एक लांब सरळ पट्टी किंवा ताणलेला दोरा धरा. तिन्ही एका रेषेत आले की थांबा. (शॉकचा खालचा बोल्ट काढून स्विंगआर्म हातानेच उचलला तर काम आणखी सोपं होतं, मात्र चाकाचं वजन कुणीतरी धरून ठेवायला हवं.) या जागी खालची चेन मधोमध वर-खाली मिळून साधारण १० मिमी हलली पाहिजे. तेवढी हलेल असं एक्सल बसवा. मग पट्टा सोडा, चाक पुन्हा लटकू द्या आणि आता ढील मोजा. वरच्या उदाहरणातल्या गाडीवर ती ३५ मिमीच्या आसपास भरेल. हा त्या गाडीचा आकडा. तो मार्करने स्विंगआर्मच्या आतल्या बाजूला लिहून ठेवावा. पुढच्या वेळी पट्टा लागत नाही.

प्रत्यक्ष जुळवणीत हात कुठे अडतो ते सांगतो. इंजिन बंद, गिअर न्यूट्रलमध्ये, चाक फिरवायचं ते हाताने. इंजिन चालू ठेवून चेन फिरवत कापडाने पुसणं आणि बोट स्प्रॉकेटमध्ये जाणं यात क्षणाचंही अंतर नसतं. शेजारी मूल बघत उभं असतं, तेव्हा हा नियम त्याच्यासमोर पाळला गेला पाहिजे.

चाक हळू फिरवत चेनची ढील तीन-चार ठिकाणी तपासा. जुन्या चेनवर ती सगळीकडे सारखी नसते, कारण कड्या कमी-जास्त झिजलेल्या असतात आणि स्प्रॉकेटही किंचित लंबवर्तुळाकार फिरतं. जिथे चेन सगळ्यात ताठ आहे, तिथे मोजायचं. तिथे मोजलं नाही तर चाकाच्या दर काही फेऱ्यांत एकदा चेन ओढली जाते.

एक्सलच्या नटची स्प्लिट पिन काढा, नट सैल करा. मागे ड्रम ब्रेक असेल तर ब्रेकची प्लेट धरून ठेवणाऱ्या टॉर्क रॉडचा नटही सैल करावा लागतो. तो विसरला की चाक मागे सरकताना वाकडं सरकतं. मग दोन्ही अॅडजस्टरचे लॉकनट सोडून बोल्टला दोन्हीकडे सारखा अष्टमांश वेढा द्यायचा, मोजायचं, पुन्हा द्यायचा. काही गाड्यांवर बोल्टऐवजी गोगलगाईच्या शंखासारखी चकती असते. तिथे दोन्ही बाजूंना एकाच खाचेत आहे ना ते बघावं.

पुढची पायरी लोक गाळतात. नट आवळण्याआधी एक जाड कापड घडी करून मागच्या स्प्रॉकेटवर वरच्या बाजूला, चेन आणि दात यांच्यामध्ये ठेवा आणि चाक हाताने मागे फिरवा. कापड आत ओढलं जातं, चेन ताणते आणि एक्सल पुढे खेचला जाऊन दोन्ही अॅडजस्टरवर घट्ट टेकतो. तसंच धरून नट आवळा. असं न केल्यास नट आवळताना एक्सल कुठल्या तरी बाजूला सरकतो, आणि पाव मिलिमीटर सरकला तरी आपण बघितलंच आहे काय होतं ते. नट पूर्ण आवळून झाल्यावर कापड काढा आणि ढील पुन्हा मोजा. सैल नटवर बरोबर असलेली ढील आवळल्यावर बदललेली सापडली तर नवल नाही. नट सोडून पुन्हा करायचं. नट किती आवळायचा तो आकडा मॅन्युअलमध्ये असतो आणि टॉर्क पाना असेल तर तोच वापरावा. स्प्लिट पिन नवी. जुनी वाकवून-सरळ करून घातलेली पिन दोन-तीन वेळांनंतर तुटते आणि ती काही महाग वस्तू नाही.

चाक मागे सरकलं की ड्रम ब्रेकची सळीही ओढली जाते. मागच्या ब्रेकचा पेडल मोकळा किती हलतो ते म्हणून चेननंतर लगेच तपासावं. हे राहून गेलं की ब्रेक अर्धवट लागलेला राहतो, ड्रम तापतो, आणि मूल म्हणतं की आज गाडी पळतच नाही.

स्विंगआर्मवरच्या खुणांबद्दल एक मत ठामपणे मांडतो : त्यांच्यावर आंधळा विश्वास ठेवू नये. दोन्ही बाजूंच्या खुणा एकमेकींशी जुळतातच असं नाही, आणि गाडी चारदा आपटलेली असेल तर नाहीच. टेपने दोन्हीकडून स्विंगआर्मच्या बोल्टच्या मध्यापासून एक्सलच्या मध्यापर्यंत मोजावं. दोन्ही अंतरं सारखी यायला हवीत. मग मागे जाऊन एक डोळा मिटून चेनच्या वरच्या अंगावरून पुढे पाहावं. ती मागच्या स्प्रॉकेटवरून सरळ निघते की कडेला वळून, ते लगेच दिसतं. मागच्या स्प्रॉकेटच्या दातांची एकच बाजू घासून चकाकत असेल तर गाडी बरेच दिवस तिरकी चालली आहे.

ढील बरोबर ठेवूनही ती थोड्या दिवसांत वाढते, तेव्हा लोक म्हणतात चेन ताणली. पोलादाच्या पट्ट्या अशा ताणत नाहीत. झिजतात त्या पिना आणि बुश. एकेका सांध्यात ०.०५ मिमी झीज झाली, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही कमी, तरी शंभराच्या आसपास सांध्यांत मिळून ५ मिमी होतात. त्यातला निम्मा भाग एक्सलच्या अंतराला मिळतो, आणि ३० मिमीची ढील सत्तरच्या पुढे जाते. चेन कधी टाकायची ते मात्र ढिलीवरून ठरत नाही. चेन ताणून धरून २१ पिनांमधली २० अंतरं मोजावीत : नवी असताना २५४ मिमी भरतात, २५९ला पोचली की चेन संपली. दुसरी झटपट खूण म्हणजे मागच्या स्प्रॉकेटच्या पार मागच्या टोकाला चेन चिमटीत धरून मागे ओढायची. अर्धा दात उघडा पडला तर नवी आणायची, आणि दोन्ही स्प्रॉकेटसकट आणायची. झिजलेल्या दातांवर नवी चेन चढवली तर ती फार लवकर जुनी होते.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. काळ्या चिकणमातीत गाडी घातली की माती स्प्रॉकेटच्या दातांच्या बेचक्यांत ठासून बसते. रोलर दातांच्या तळाशी पोचत नाहीत, स्प्रॉकेटचा घेर वाढल्यासारखा होतो आणि बरोबर ठेवलेली चेन फेरीच्या मध्यावर ताठ होते. कोकणातल्या जांभ्याच्या लाल मातीतही हे होतं, पण काळी माती जास्त वेळ चिकटून राहते. म्हणून चिखलात जायचं असेल त्या दिवशी नेहमीच्या आकड्यात पाच-सात मिमी वाढवून निघावं आणि परत आल्यावर गाडी धुऊन पुन्हा मूळ आकड्यावर आणावं.

ही सगळी यातायात टाळता येणार नाही का, असा प्रश्न अभियंत्यांनाही पडला होता. स्विंगआर्मचा बोल्ट आणि छोटं स्प्रॉकेट एकाच केंद्रावर आणलं की अंतर कधीच बदलत नाही. बीएमडब्ल्यूने २००८च्या सुमारास जी ४५० एक्स या एन्ड्युरो गाडीत हेच केलं. चेन कायम एका ताणावर राहिली, पण छोटं स्प्रॉकेट बदलायचं म्हटलं की स्विंगआर्मच्या बोल्टाशी गाठ पडू लागली, आणि गॅस देताना चेनच्या ओढीने मागची बाजू जशी सावरली जाते तो हिशोबही बदलला. ही रचना रुळली नाही. मुलांच्या गाड्यांवर तर ती येण्याची शक्यताही दिसत नाही. तिथे साधेपणा आणि किंमत आधी.

नवी चेन बसवली असेल तर पहिल्या एक-दोन फेऱ्यांनंतर ढील पुन्हा मोजावी, कारण नव्या पिना-बुश सुरुवातीला लवकर बसतात. चेनच्या लॉकची क्लिप बघावी : तिचा बंद गोल भाग चेन ज्या दिशेने पळते त्या दिशेला हवा, उघडी बाजू मागे. उलटी असेल तर एखादी काटकी किंवा खडा तिला उघडून टाकू शकतो. आणि चेनला तेल लावायचं ते ढील मोजून झाल्यावर, चाक हाताने फिरवत, खालच्या चेनच्या आतल्या बाजूने. म्हणजे फिरताना तेल बाहेर फेकलं न जाता रोलरकडे जातं.